फडका, मोरी आणि गल्ला

गिऱ्हाईक उठले की उष्ट्या ताटल्या उचलायच्या, टेबलावर फडका मारायचा, पाण्याचे ग्लास भरून ठेवायचे आणि खरकटी भांडी मोरीवर पोचवायची, एवढे काम हॉटेलात एका माणसाकडे असते. मोठ्या शहरांत त्याच्यासाठी वेगळा हुद्दा असतो. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी मात्र चहाच्या हॉटेलातला एकच पोऱ्या हे सगळे करतो, शिवाय तहसिलीत आणि दुकानांत चहाही पोचवतो. हॉटेलांबद्दल लिहिताना मालक, आचारी आणि पदार्थ यांच्याविषयी भरभरून लिहिले जाते, पण उष्टे उचलणाऱ्याचा इतिहास त्यातून सुटून जातो. हे काम कसे जन्माला आले, ते चांगले करणे म्हणजे काय आणि ते करणारा पुढे कुठवर जाऊ शकला, याची हकिगत महाराष्ट्रातल्या जातीच्या, दुष्काळाच्या आणि शिक्षणाच्या इतिहासात गुंतलेली आहे.

हॉटेले येण्याआधी लोक एकत्र जेवत ते पंगतीत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण जमिनीवर मांडले जात, वाढपी रांगेतून फिरत आणि सगळ्यांचे आटोपल्याशिवाय कुणी उठत नसे. पंगत उठली की पत्रावळी गोळा करायच्या, खरकटे काढायचे आणि जमिनीला शेण लावून दुसऱ्या पंगतीसाठी जागा मोकळी करायची. ही कामे घरच्या बायका, घरगडी आणि गावकीने बांधलेली माणसे करीत. त्यांना मजुरी अशी नसे. उरलेले अन्न, सणाची पोळी किंवा सुगीतले बलुते हाच मोबदला.

उष्ट्याला हात लावणे हा जातीचा प्रश्न होता. घरातल्या वडीलधाऱ्याचे उष्टे काढणे ही सेवा ठरे, पण परक्या जातीच्या माणसाचे उष्टे उचलणे हा विटाळ. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या ही कथा कीर्तनकारांनी गावोगाव सांगितली आणि लोकांनी ती भक्तीने ऐकली. गावच्या व्यवहारात त्याने फारसा फरक पडला नाही. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांना उष्टे आणि शिळे अन्न खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. गावात कोण कुणाचे उष्टे उचलतो आणि कोण ते खातो यावर माणसाची पायरी ठरत असे, म्हणूनच हा प्रश्न त्या परिषदेत आला.

याच मुलखात अगदी उलट रीतही आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली नांदेडला निधन झाले आणि ते स्थान शिखांच्या पाच तख्तांपैकी एक झाले. तिथे जेवलेल्यांची ताटे घासणे ही सेवा मानली जाते, आणि पैसेवाला व्यापारी, अधिकारी, शेतकरी असे सगळे मांडी घालून भांडी घासायला बसतात. काम तेच, पाणी तेच, राहिलेला घासही तसाच. तिथे माणूस ते आपखुशीने करतो आणि त्याला मान मिळतो, हॉटेलात तेच काम पगारावर करणाऱ्याला एकेरी हाक मिळते. काम हलके नव्हते, ते करणाऱ्याला हलके ठरवले गेले होते.

पैसे देऊन बाहेर खाण्याची रीत महाराष्ट्रात रुजली ती मुंबईमुळे. गिरण्यांत काम करायला घाटावरून आणि कोकणातून आलेले एकटे पुरुष खानावळीत जेवत. तिथे भांडी घासणारे हात बहुधा खानावळवालीच्या घरातलेच असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणी हॉटेले उभी राहिली. मरीन लाइन्सजवळचे क्यानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली सुरू झाले, आणि माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी पद्धतीचे भोजनगृह काढले. या हॉटेलांनी एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे टेबल. संगमरवरी फरशी बसवलेल्या टेबलावर शेण लावावे लागत नाही, ओला फडका पुरतो. एका पंगतीला जिथे घटका-दोन घटका लागत, तिथे आता एक गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठे आणि दुसरे त्याच खुर्चीत बसे. मधल्या अर्ध्या मिनिटात ती जागा साफ करणारा माणूस लागू लागला. पोऱ्याची नोकरी त्या अर्ध्या मिनिटातून निर्माण झाली.

हॉटेलात कुणीही शेजारी बसणार आणि त्याचा कप उद्या आपल्या ओठाला लागणार, ही गोष्ट जुन्या समाजाला सहजी पचली नाही. अनेक गावांत अस्पृश्यांसाठी कपबशी वेगळी ठेवत, बाहेर वळचणीला टांगत, आणि ज्याने चहा प्यायला त्यानेच ती विसळून ठेवायची असे. म्हणजे त्या गिऱ्हाइकाला पैसे देऊनही पोऱ्याची सेवा मिळत नसे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. शाहू महाराज स्वतः त्या हॉटेलाचा चहा मागवून पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले, आणि बहिष्काराची धार गेली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली केली, १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा शिक्षेचा गुन्हा झाला. वेगळ्या कपबशा त्यानंतरही काही गावांत बरीच वर्षे टिकल्या. भटारखान्यात आणि वाढपावर कुणाला घ्यायचे याबाबतची आडकाठी त्याहूनही उशिरा सैल झाली. दलित मुलाला काम मिळालेच तर ते मोरीवर, गिऱ्हाइकाच्या नजरेआड.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या लोकांचे मोठे शहर हैदराबाद, आणि तिथल्या इराणी हॉटेलांचा गोड दुधाळ चहा हीच हॉटेलाची पहिली ओळख. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली आली. त्यानंतर धान्याचा आणि गळिताचा बाजार वाढला, अडत्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, आणि बैलगाड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांसाठी चहा-भज्यांची दुकाने निघाली. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली बसगाड्या सुरू केल्या, पुढे एसटी आली. बस जिथे थांबे तिथे हॉटेल, आणि हॉटेल तिथे पोऱ्या. बस दहा मिनिटे थांबते, चाळीस माणसे एकदम उतरतात, कंडक्टरची शिटी वाजली की सगळी एकदम निघून जातात. या धबडग्यात तयार झालेला पोऱ्या कुठल्याही शहरात टिकत असे.

लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला आणि शिरूर अनंतपाळ तालुका १९९९ साली झाला. घरणी नदीकाठचे हे गाव, अनंतपाळाच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत माहीत असलेले. तालुका झाल्यावर तहसील, पंचायत समिती आणि इतर कचेऱ्या आल्या, आणि कामासाठी दिवसभर ताटकळणारी माणसे आली. तलाठ्याची वाट पाहणारा शेतकरी दोन वेळा चहा घेतो आणि अर्ज लिहिणाऱ्यालाही पाजतो. लहान गावात हॉटेलाला सर्वांत मोठा आधार या ताटकळण्याचाच असतो. याच तालुक्यातल्या उजेडला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. देवाच्या किंवा पिराच्या नावाने न भरणारी ही यात्रा दुर्मीळच. यात्रेत पाले ठोकून हॉटेले लागतात, जिलेबी आणि भज्यांच्या कढया चढतात, आणि एरवी शेतात असणारी पोरे चार-सहा दिवस टेबल उचलायला उभी राहतात. अनेकांची या धंद्याशी पहिली ओळख अशा पालातच होते.

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत गेलेली मराठवाड्याची पोरे बहुतेक दुष्काळाने ढकललेली. १९७२ च्या दुष्काळात जमीन भेगाळली, जनावरे छावणीला गेली, मोठी माणसे खडी फोडायला रोजगार हमीसारख्या कामांवर गेली आणि घरातले एक पोर ओळखीच्या माणसाबरोबर शहरात गेले. हॉटेलात पगार नावाला असे, पण 'राहून-खाऊन' ही अट सर्वांत मोलाची. दोन वेळचे जेवण आणि रात्री टेबले एकत्र लावून त्यांवर झोपायला जागा. घरातले एक खाणारे तोंड कमी झाले हेच घरच्यांच्या दृष्टीने पहिले उत्पन्न. उडुपी आणि दक्षिण कन्नडातून येणाऱ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी होती. मालक त्यांचा नातलग नाहीतर गाववाला असे. आज मोरीवर बसलेले पोर उद्या गल्ल्यावर बसू शकेल, हे दोघांनाही ठाऊक असे. मराठवाड्याच्या मुलाला असा मामा-काका नव्हता. त्याच्याजवळ होती ती फक्त कामातली हुशारी.

ही हुशारी नेमकी कशात असते ते जवळून पाहण्याजोगे आहे. चांगला पोऱ्या टेबलाकडे येतो तो रिकाम्या हाताने येत नाही आणि जातो तोही रिकाम्या हाताने जात नाही. येताना पाणी आणतो, जाताना भांडी नेतो. भांडी उचलण्याला क्रम आहे. आधी ग्लास आणि कप, कारण ते कलंडतात. मग वाट्या, शेवटी ताटल्या. सगळ्यांत मोठी ताटली तळाशी, सगळे खरकटे तिच्यात एकवटायचे, त्यावर रिकाम्या ताटल्या आणि वर चमचे आडवे. ग्लासात बोटे घालून चार ग्लास एका मुठीत उचलणे सोपे, पण ते फक्त उष्ट्या ग्लासांना चालते. भरलेला ग्लास बुडाशी धरायचा, काठाला बोट लागता कामा नये. महाराष्ट्रातल्या हॉटेलांची सर्वाधिक बदनामी याच एका चुकीने केली आहे, आणि गिऱ्हाईक ती कधी विसरत नाही.

फडक्याचेही तसेच. चांगल्या हॉटेलात दोन फडकी असतात, एक ओले आणि एक कोरडे. ओले फडके पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे ओढायचे, कण हातातल्या ताटलीत पाडायचे, जमिनीवर नाही, आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर तर नाहीच. कोपरे वेगळे पुसायचे, कारण चटणी आणि साखर तिथे साठते आणि माशा तिथेच बसतात. मग कोरडे फडके, म्हणजे पुढच्या माणसाचे कोपर ओल्या टेबलाला चिकटणार नाही. फडका दर थोड्या वेळाने पिळून धुतला नाही तर तो टेबल साफ करीत नाही, एका टेबलाचे खरकटे दुसऱ्यावर पसरवतो. ज्या हॉटेलात शिरताच आंबूस वास येतो तिथे तो वास बहुतेक वेळा फडक्याचा असतो.

मोरीवर तीन पाणी लागतात. पहिल्यात खरकटे सुटते, दुसऱ्यात गरम पाणी आणि घासायची वस्तू, तिसरे निव्वळ स्वच्छ. घासायला पूर्वी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी असे, मग सोडा आला, मग साबणाची वडी. चहाच्या टपरीवर या तिन्हींची जागा एकच बादली घेते, आणि संध्याकाळपर्यंत त्या बादलीतल्या पाण्याचा रंग चहाचाच होतो. हात दिवसभर पाण्यात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखे मऊ पडतात. मोरीवरच्या माणसाच्या हाताकडे पाहिले की तो किती वर्षे या धंद्यात आहे ते कळते.

सर्वांत अवघड काम डोळ्यांचे. कोण उठण्याच्या बेतात आहे, कुणाला अजून चटणी हवी आहे, कुणाची ताटली रिकामी दिसत असली तरी त्याचे जेवण संपलेले नाही, हे लांबूनच ओळखायचे. एकाचे झाले म्हणून त्याची ताटली ओढली तर सोबतचे जेवणारे ओशाळतात. पंगतीतली एकत्र उठण्याची रीत टेबलावरही माणसांच्या मनात असते. गल्ल्यावरच्या मालकाला टेबल लवकर मोकळे हवे असते, गिऱ्हाइकाला निवांतपणा. दोघांनाही न दुखावता काम उरकणारा पोऱ्या महिन्याभरात मालकाच्या नजरेत भरतो. शिकवायला मात्र कुणी नसे. जुन्या वेटराचे बघून आणि अधूनमधून त्याची टप्पल खाऊन हे अंगात मुरत असे.

वर चढण्याची वाट ठरलेली होती: मोरी, मग फडका, मग पाणी, मग वेटर, मग कप्तान, आणि फार थोड्यांच्या वाट्याला गल्ला. सागर रत्न या उपाहारगृहांच्या साखळीचे संस्थापक जयराम बनान दक्षिण कन्नडातून लहानपणी महाराष्ट्रात आले. पनवेलजवळच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी भांडी धुण्यापासून सुरुवात केली, वेटर आणि व्यवस्थापक झाले, आणि ४ डिसेंबर १९८६ रोजी दिल्लीत स्वतःचे हॉटेल उघडले. अशी उदाहरणे धंद्यात पुन्हा पुन्हा सांगितली जातात. ती खरी आहेत, पण त्यांच्या आधारे सगळ्या पोऱ्यांचे भविष्य सांगणे बरोबर नाही. हिशेब लिहिता येणे ही गल्ल्याची पहिली अट होती, आणि बहुतेक पोरांची शाळा दुसरी-चौथीतच सुटलेली असे.

म्हणून रात्रशाळांना या इतिहासात मोठी जागा आहे. मुंबईत कन्नड भाषकांच्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हॉटेलकामगार मुलांसाठी रात्रशाळा चालवल्या. पुण्यात सरस्वती मंदिर संस्थेच्या पूना नाइट हायस्कूलने दिवसा काम करणाऱ्यांना मॅट्रिकपर्यंत नेले. रात्री हॉटेलातली गर्दी ओसरण्याआधी शाळा भरे, त्यामुळे मालकाने दोन तासांची सुट्टी दिली तरच शिकणे शक्य होते. ती देणारे मालक होते आणि न देणारेही होते.

कवी नारायण सुर्वे यांनी लहानपणी मुंबईत घरगडी, हॉटेलात भांडी धुणारा, दूध पोचवणारा पोऱ्या अशी कामे केली. पुढे ते शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ साली त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह आला आणि १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज १९२५ साली वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात टेबले आवरण्याचे काम करी. तिथे जेवायला आलेल्या व्हॅचेल लिंडसे या कवीच्या ताटाजवळ त्याने आपल्या कविता ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे नाव आले. या दोघांनाही टेबलाच्या दुसऱ्या बाजूने समाज पाहायला मिळाला होता. उष्टे उचलणाऱ्याच्या समोर लोक मोकळेपणी बोलतात, कारण तो ऐकतो आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

संघटनेचा प्रयत्नही झाला. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत येण्यापूर्वी मंगळूरला हॉटेलकामगारांची बाजू घेऊन उभे राहिले होते. पण एका हॉटेलात पाच-सात माणसे, तीही मालकाच्याच छपराखाली झोपणारी. संप केला तर त्याच रात्री झोपायची जागा जाते. त्यामुळे गिरणीकामगारांसारखी ताकद या धंद्यात कधी उभी राहिली नाही, आणि जे मिळाले ते मुख्यतः कायद्याने. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने हॉटेलकामगाराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुट्टी दिली. हा कायदा सरकार अधिसूचना काढून एकेका भागाला लागू करी, म्हणून शहरांना तो आधी मिळाला आणि खेड्यांतल्या रस्त्यांवरची हॉटेले फार काळ त्याच्या बाहेर राहिली. त्याच्या जागी आलेला २०१७ चा कायदा सुरुवातीला दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरता होता. तीन-चार माणसांवर चालणारे तालुक्याचे हॉटेल त्याच्या मुख्य तरतुदींत बसत नाही.

बालकामगारांबाबतचा कायदा १९८६ सालचा, पण हॉटेले, ढाबे आणि चहाच्या टपऱ्या बंदीच्या यादीत आल्या त्या १० ऑक्टोबर २००६ पासून. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सगळ्याच धंद्यांत कामावर ठेवणे गुन्हा ठरले. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर हात लावण्याचा अपवाद मात्र राहिला. या बंदीने धंद्याचे रूप खरोखर बदलले. हाक 'छोटू'ची राहिली, पण ती आता बऱ्याचदा मिसरूड फुटलेल्या किंवा केस पिकलेल्या माणसाला मारली जाते. मोरीवर बायका दिसू लागल्या. विधवा, परित्यक्ता आणि शेतमजुरी आटलेल्या घरांतल्या बायका तासावर किंवा पाळीवर भांडी घासतात. लातूरला शिकायला येणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांमुळे ज्या मेस निघाल्या, त्यांतही भांड्यांचा भार बव्हंशी त्यांच्याच हातांवर आहे.

या भागात मोरीचे गणित पाण्यावर ठरते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. पाणी टँकरने विकत घ्यायचे तर एक ताटली तीन पाण्यांतून काढणे परवडत नाही. अशा वेळी कागदी कप आणि टाकाऊ ताटल्या वाढतात, आणि भांडी घासणाऱ्याचा रोजगार घटतो. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या एकदा वापरायच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आली तेव्हा काही ठिकाणी स्टीलच्या ताटल्या परतल्या, पण चहा मात्र कागदी कपातच राहिला. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद पडली आणि राहून-खाऊन असलेल्या कामगारांचे काम, जेवण आणि निवारा एका दिवसात गेला. राज्यात बसून खाण्याची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने परत मिळाली. तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकामागे टेबल जंतुनाशकाने पुसणे नियमात आले, आणि फडका मारणारा माणूस काही महिने हॉटेलातला सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरला.

या कामाचे रीतसर शिक्षणही आता मिळू शकते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'हुनर से रोजगार तक' या २००९-१० पासूनच्या योजनेत आठवी झालेल्या तरुणांसाठी वाढप आणि टेबलसेवेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम ठेवला गेला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनी भांडी, पाणी, फडकी आणि कामगाराचे आरोग्य यांसाठी अटी घातल्या. प्रशिक्षण घेतलेला मुलगा पुण्या-हैदराबादच्या हॉटेलात थेट टेबलसेवेवर लागतो, मोरीची पायरी त्याला चढावी लागत नाही. तालुक्याच्या गावी अजून जुनीच पद्धत चालते. नवा आलेला पोऱ्या पहिला आठवडा मोरीवर काढतो, मग एके सकाळी त्याच्या खांद्यावर फडका येतो आणि सकाळची पहिली बस येण्याआधी सगळी टेबले पुसून ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले जाते.